डोहातले मासे अन् माझे फुटाणे

माझ्या दुकानाले दुकान म्हणायचं तर म्हणा. चार बल्ल्या, वरती टिनपत्रे, समोर एक फळी. फळीवर फुटाणे, मुरमुरे, गूळ, नारळ अन् कणकेच्या गोळ्या. आर्णीच्या बाजारातून चणे आणायचे, घरी भट्टीवर भाजायचे अन् नदीच्या डोहावर नेऊन विकायचे. सासऱ्यानं सुरू केलं, मग नवऱ्यानं चालवलं, नवरा गेल्यापासून मी चालवते. नवा माणूस विचारायचा, “कायचं दुकान हाय बाई तुमचं?” मी म्हणायची, “खानावळ हाय. मासोळ्यांची.” अर्धे हसायचे, अर्धे खरंच आत डोकावून पाहायचे.

डोह नदीच्या वळणावर आहे. काठावर देवीचं ठाणं, थोडं वर पीरबाबाचा चौथरा. नवस कोणालेही बोला, फेडायचा तो माशाले, अशी इकडची रीत. अन् मासे तरी कसे! पिवळेधमक खवले, तोंडाजवळ मिशा, अन् अंगानं असे दांडगे की नव्या माणसाले भ्यावच वाटावं. पण गुणाचे. पाण्यात मूठ धरली तर हातातले फुटाणे अलगद उचलून नेत, बोटाले ओरखडा नाही. या डोहात कोणी जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही. भोई लोकसुद्धा पार खालच्या अंगाले जाऊन मासे धरतात. एखादा मासा मेला तर त्याले नव्या कापडात गुंडाळून काठावर पुरतात.

मूल झालं की तुला करतात. माझ्या दुकानामागच्या कडुनिंबाले मोठा तराजू टांगलेला आहे. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्या पारड्यात फुटाणे. काटा बरोबरीत आला की ते सगळे फुटाणे डोहात. लेकरं पारड्यात बसली की भोकाड पसरायची अन् मी म्हणायची, “रड बाबा, रड. रडून वजन कमी होत नाही.” त्यांच्या आया हसायच्या. माझा सगळा जलम या हसण्यात अन् या माशांत गेला.

काही वर्षांमागं सरकारच्या मासे खात्याची एक मॅडम आली. राजूरकडची, कोळशाच्या गावची पोट्टी. डोक्याले दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर यायची. आली की आधी काठावर उकिडवी बसून पाण्यात पाहत राहायची, मग माझ्याजवळ चहा प्यायची. एक दिवस म्हणाली, “काकू, या माशाले महाशीर म्हणतात. आपल्या इकडच्या नद्यांत आता हा पाहाले मिळत नाही. इथं वाचला तो तुमच्या देवामुळे.” मी फुगली ना बापा! म्हटलं, “देवामुळे अन् माझ्या फुटाण्यामुळे.”

पण पुढं तिनं जे सांगितलं ते काही गोड नव्हतं. डोहाच्या वरच्या अंगाले बंधारा आहे. त्याच्या दोन खांबांमधल्या गाळ्यांत लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवतात, त्यांले बरगे म्हणतात. अडवलेलं पाणी पंपानं शहरात जातं, नळाले. मॅडम म्हणाली, “हा मासा पावसाळ्यात वर चढतो, वाहत्या पाण्यात, गोट्यांत अंडी घालतो. आधी बरगे पावसाळ्यात काढत. आता शहर वाढलं, बरगे कधी निघतच नाहीत. माशाचा रस्ता बंद झाला. जे आहेत ते म्हातारे होऊन राह्यले, नवे होत नाहीत.”

मले ते झोंबलं. आम्ही समजत होतो, देवीचं ठाणं सोडून मासे कुठं जात नाहीत, केवढी त्यांची भक्ती! अन् ही म्हणते, अडकले आहेत. मी तिले म्हटलं, “तुले काय माहीत त्याच्या मनातलं?” ती हसली. चिडत नव्हती, हीच तिची मोठी अडचण. माणूस भांडाले तयार असावा अन् समोरच्यानं भांडूच नये, म्हणजे काय करावं?

सरकारचं काम असं ठरलं होतं. खात्यानं महाशीरची पिल्लं आणून डोहात सोडायची, ती सोडलीही. उन्हाळ्यात डोह आटू लागला की बंधाऱ्यातून थोडं पाणी खाली सोडायचं. अन् पावसाळ्यात एक गाळा उघडा ठेवायचा, म्हणजे मासे वर जातील. कागदावर सगळं सरळ होतं. पण बंधाऱ्याचं पाणी पाणीपुरवठ्याच्या साहेबाच्या हातात, अन् साहेबाच्या मागं सगळं शहर. त्या शहरात माझा लेक अन् सून राहतात. एका वर्षी मार्चातच सुनेचा फोन आला, “आई, नळ आठ दिवसाआड झाला. अन् इथं लोक म्हणून राह्यले का तुमच्या माशाले पाणी सोडतीन म्हणून. खरं हाय का?” मी म्हटलं, “माझे मासे कायचे? देवाचे हाय.” सून म्हणाली, “देवाले सांगा मग पाणी द्याले.” बोलाले ती माझ्याच तालमीतली आहे.

एप्रिलात डोह आखडला. कडेचा चिखल उघडा पडला, पाण्याले हिरवा रंग चढला. अन् मासे वर येऊ लागले. तोंड पाण्याबाहेर काढून उघडं, बंद, उघडं, बंद. दिवसभर तेच. पाहणाऱ्याचा जीव तुटायचा. जो येई तो म्हणे, “अरे देवा, उपाशी हाय वो बिचारे!” अन् दुप्पट फुटाणे घेई. कोणी घरून पोळ्यांचा चुरा आणी, कोणी भिजवलेले पोहे, कोणी गुळाची अख्खी ढेप. एकानं तर लग्नातला उरलेला बुंदीचा घमेला ओतला. माझा धंदा असा कधी झाला नव्हता. भट्टी विझत नव्हती. मीही दुकान बंद करताना उरलेसुरले मूठभर टाकायचीच, “खा रे बाबा, खा” म्हणून.

मॅडम आली, पाणी पाहिलं, अन् पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “काकू, फुटाणे बंद करा. आजपासून.”

“काहून?”

“टाकलेलं खाणं खाली सडते. सडलं की पाण्यातली हवा संपते. मासे तोंड उघडतात ते हवेसाठी. भूक नाही त्यांले.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “वा गं वा! तुमचे बरगे बंद, पाणी बंद, अन् आता माझे फुटाणे बी बंद? जलमभर मी यांले खाऊ घातलं, अन् तू काल आली अन् मले सांगते का याले भूक नाही? पाणी सोडणं होत नाही म्हणून फुटाण्यावर घेऊन राह्यली!” आणखी बरंच बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती ऐकून घेत उभी राहिली. मग म्हणाली, “पाण्यासाठी मी रोज त्या ऑफिसात जाऊन बसते, काकू. पाणी येईल. पण ते येईपर्यंत मासे टिकले पाहिजेत.” अन् स्कूटी घेऊन गेली. चहा प्यायलीच नाही.

मी दुकान बंद केलं नाही. पण मनात काही तरी टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, मी काठावर जाऊन बसली. एक जुना, मोठा मासा अगदी कडेले आला होता. तोंड उघडं, बंद, उघडं. मी फुटाणा त्याच्या तोंडापुढं सोडला. फुटाणा त्याच्या उघड्या तोंडात गेला अन् तसाच तरंगत बाहेर आला. मी दुसरा सोडला. तोही बाहेर आला. हाच मासा माझ्या मुठीतून फुटाणे उचलायचा. आता त्याच्यात तोंड मिटायचीही ताकद नव्हती. मी “माय वो” म्हणून तिथंच चिखलात बसली. काही वेळानं त्यानं अंग टाकलं अन् कूस बदलली, पांढरं पोट वर. मी रडली. मोठ्यानं रडली, कोणी पाहते का नाही याची लाज न धरता.

त्याले नव्या कापडात गुंडाळून पुरला अन् फळीवरचा सगळा माल पोत्यात भरून घरी नेला. मॅडमले फोन केला. माफीबिफी मागणं मले जमत नाही. म्हटलं, “दुकान उचललं. आता तू पाणी आण.” ती म्हणाली, “आणते काकू.” दोघींचं बोलणं एवढंच.

तुम्हाले वाटेल, दुकान उठलं म्हणजे झालं. कुठलं काय! लोक घरूनच घेऊन येऊ लागले. मी काठावर काठी घेऊन बसायची. “टाकू नका, मासे मरून राह्यले!” लोक म्हणत, “म्हातारीचं डोकं सरकलं. आतापर्यंत हीच विकत होती.” त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर जास्त राग येई. एकानं विचारलं, “तुले कोण पगार देते इथं बसाले?” मी म्हटलं, “तुझा बाप!” मग दिवसभर वाईट वाटत राहिलं, त्याचा बाप गेला होता म्हणे.

अशात एक दिवस पांढरकवड्याकडच्या तांड्यावरचं एक कुटुंब जीप करून आलं. बाप ट्रक चालवणारा, हैदराबादच्या रस्त्यावरचा. त्याची आई जुन्या बंजारा पोशाखात, आरशांचं काम असलेली कांचळी घालून. अन् तिची सून, हडकुळी, कडेवर लेकरू. आधी दोनदा पोट वाया गेलं, तेव्हा आजीनं नवस बोलला होता, नातू जगला तर त्याच्या भाराएवढे फुटाणे डोहात सोडीन. फुटाण्याचं पोतं त्यांनी सोबतच आणलं होतं.

मी आडवी झाली. म्हटलं, “फुटाण्याची तुला होणार नाही. पाणी सडलं हाय.”

तो ट्रकवाला आधी समजुतीनं बोलला, मग तापला. “मावशी, नवस हाय. हाती-पायी धड लेकरू घेऊन आलो. याले काही झालं तर तुमी जिम्मेदारी घेता का?”

आता सांगा, यावर काय बोलावं? कोणाच्या लेकराची जिम्मेदारी कोण घेते? मी त्यांले हात धरून काठावर नेलं. म्हटलं, “तुमच्याच डोळ्यानं पाहा.” मासे वर आलेले होते, तोंड उघडं, बंद. आजी पाहत राहिली अन् आपल्या बोलीत लेकाले काही बोलली. तो म्हणाला, “याडी म्हणते, भुकेले हाय बिचारे.” त्यांच्यात आईले याडी म्हणतात.

सून खाली बसली, पाण्याकडं एकटक पाहत. मग हळूच म्हणाली, “भुकेले नाही. हा बी असाच करत होता.” तिनं लेकराकडं हात केला. “दवाखान्यात, काचेच्या पेटीत होता तवा. असंच तोंड उघडे. मी नर्सले म्हणो, भूक लागली त्याले, मले दूध पाजू द्या. ती म्हणे, याले दूध नाही, श्वास पाहिजे.”

आजीनं पदर तोंडाले लावला. ट्रकवाला पोत्याकडं पाहत उभा राहिला. नवस तर फेडायचाच होता, न फेडता परत गेले असते तर त्या आजीले घरी अन्न गोड लागलं नसतं. मग ती सूनच म्हणाली, “पाण्यानं तोला.”

जीपमध्ये प्यायच्या पाण्याच्या कॅन होत्या. एका पारड्यात लेकरू बसवलं, दुसऱ्यात कॅन. कॅनमधलं पाणी कमी-जास्त करून काटा बरोबरीत आणला. लेकरू तेव्हाही रडलं, पण मले नेहमीचं बोलणं सुचलं नाही. मग आजीनं अन् सुनेनं दोघींनी मिळून कॅन उचलली अन् उंचावरून धार धरून पाणी डोहात सोडलं. धार पडली तिथं मासे गोळा झाले. फुटाण्यावर येत तसे, पण आता तोंड वासून त्या धारेखाली थांबले. मी ट्रकवाल्याले म्हटलं, “पोतं घरी घेऊन जा, तांड्यावरच्या पोट्ट्यांले वाट.” तो हो म्हणाला.

ही गोष्ट पसरली. पुढच्या आठवड्यात जो तो पाणी घेऊन येऊ लागला. यावरही शिव्या खाल्ल्या. “प्याले पाणी नाही अन् डोहात ओतून राह्यले!” मॅडमनं पाहिलं तर तिचे डोळे भरले, पण खरं ते बोललीच. “काकू, एवढ्याशा पाण्यानं डोहाचं काही होत नाही.” मी म्हटलं, “मले समजते बाई. पण पाणी घेऊन आलेला माणूस बुंदी तर टाकत नाही ना?” ती खदखदा हसली. त्या दिवशी आमची दिलजमाई झाली.

मे महिन्यात मासे आणखी मेले. किती ते मी मोजले नाहीत, मोजायची हिंमत नव्हती. मॅडमचं येणं-जाणं चालूच होतं. शेवटी साहेबानं बंधाऱ्यावर येऊन पाहायचं कबूल केलं. त्या सकाळी आम्ही गेलो तर शहरातले लोक आधीच जमलेले, रिकामी भांडी घेऊन. त्यात माझी सूनही. मले पाहून तिनं मान वळवली. एकजण ओरडला, “माशाले पाणी, अन् माणसाले ठेंगा?”

साहेब वाईट माणूस नव्हता. घामानं निथळत तो म्हणाला, “पाऊस लांबला तरी शहराले पुरेल एवढं आधी बाजूले ठेवलं आहे. त्यावरचं जे आहे ते उन्हानं उडूनच जाणार आहे. त्यातून डोहाले देतो. एकच गाळा, एकच दिवस.” लोकांचं समाधान झालं नाही. अन् कसं व्हावं? ज्याच्या घरी रांजण कोरडा त्याले हिशेब काय सांगता? मले त्यांचा राग आला नाही, हे खरं सांगते. मी सुनेजवळ गेली अन् म्हटलं, “तू म्हणशील तर मी आत्ता साहेबाले नको म्हणते.” खरंच म्हटलं असतं का, मले माहीत नाही. सून कडेवरची घागर खाली ठेवून म्हणाली, “सोडू द्या आई. एका दिवसानं आमचं काय होते? आठ दिवस तर तसेही कोरडेच.” अन् मागं वळून त्या ओरडणाऱ्याले म्हणाली, “ओ भाऊ, घसा कोरडा कराल तर अजून पाणी लागन!” लोक हसले. बरगे निघाले. नदीच्या कोरड्या पात्रात पाण्याची जीभ पुढं सरकत गेली अन् दुपारपर्यंत डोहात पोचली.

जे मासे उरले होते ते तगले. मग पाऊस आला, अन् ठरल्याप्रमाणं एक गाळा उघडाच राहिला. पूर ओसरल्यावर मी डोहावर गेली. पाणी निवळलं होतं. मी काठावर बसून हात बुडवला. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवडाभर नाही. मी मॅडमले फोन करून ओरडली, “बाई, तुझ्या सरकारनं माझे मासे वाहून नेले!” ती तिकडून आनंदानं ओरडली, “वाहून नाही गेले काकू, वर गेले! वर दिसले ते!” तिच्या आनंदात मले सामील होता आलं नाही. फोन ठेवला अन् रिकाम्या डोहाकडं पाहत बसली. ज्यांच्यासाठी एवढं केलं, ते एकदा मागं वळूनही न पाहता निघून गेले, असं वाटलं. वेडेपणाच तो, मासे कधी मागं वळून पाहतात का? पण वाटलं ते वाटलं. डोहावर येणारे लोकही कमी झाले. मी फुटाणे घेऊन बाजाराच्या दिवशी आर्णीले बसू लागली.

दिवाळीच्या सुमाराले मॅडम घरी आली. म्हणाली, “चला, बसा मागं.” बंधाऱ्याच्या पार वर, जंगलाच्या कडेले एक नाला नदीले मिळतो, तिथं नेलं. पाणी घोट्याएवढं, खाली गोटे, अन् एवढं नितळ की सगळं दिसावं. मॅडमनं बोट दाखवलं. आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. बोटाएवढी पिल्लं, धारेच्या उलट तोंड करून, थवाच्या थवा. यांले कोणी गाडीतून आणून सोडलं नव्हतं. ही या नदीतच जन्मली होती.

मी चप्पल काढली, पदर खोचला अन् पाण्याजवळ वाकली. हात बुडवावा, एवढंच मनात होतं. माझी सावली पाण्यावर पडली मात्र, सगळी पिल्लं एका झटक्यात पळाली. गोट्यांखाली, मुळ्यांखाली, कुठं गेली पत्ता नाही. पाणी रिकामं.

मॅडमले वाईट वाटलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, “काकू, तुम्हाले पाहून पळाले वो.”

मी वाकलेलीच होती. डोळ्यातलं पाणी नाकावरून खाली नाल्यात टपकत होतं, अन् हसूही येत होतं.

“पळू दे बाई,” मी म्हटलं. “मले पाहून पळाले, तर आता कोणाले बी पाहून पळतीन.”